एकशे सतरावी सुई

९ मार्च, संध्याकाळ
पाच नंबर वॉर्डाच्या चादरींत आज सुई सापडली. डाव्या अंगठ्यात शिरली, म्हणून सापडली, असंही म्हणता येईल. क्रमांक एकशे सतरा. धुऊन डब्यात टाकली.

दवाखान्याच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं झाली. नर्सच्या घाईत चादरीत राहिलेल्या एकशे सतरा सुया मी हाताने शोधल्या. एकही मशीनमध्ये जाऊ दिली नाही. गाठोडं सोडायचं, चादर पसरायची, तळवा फिरवायचा. हातमोजे घातले की हात आंधळे होतात.

थेंबभर रक्त आलं. साबणाने धुतलं. नियमाप्रमाणे सिस्टरना कळवून नोंदवहीत लिहायला हवं. पण मग दोन पानी फॉर्म, रक्ततपासणी आणि सहा महिने हेलपाटे. राईचा पर्वत. काविळीची लस मी घेतलेली आहे, तिन्ही डोस. विषय संपला.

इथे मात्र लिहिलं. गावच्या शाळेतले गुरुजी सांगत, रोजनिशीत खरं लिहावं आणि तारखेनिशी लिहावं.

१० मार्च
अंगठा उत्तम. संसर्ग रोखण्याचं काम बघणाऱ्या सिस्टर येऊन जाड हातमोज्यांची जोडी देऊन गेल्या. म्हणाल्या, काका, उद्यापासून याशिवाय गाठोड्याला हात लावायचा नाही. मी हो म्हणालो. मोठ्या माणसाने नाही म्हणू नये. हातमोजे खिळ्याला अडकवले.

बॉयलर म्हणाला, बघ, खिळा तुझ्यापेक्षा शहाणा निघाला, त्याने घातले. (बॉयलर म्हणजे बॉयलर सांभाळणारा माझा सोबती. त्याला आता दुसरं नाव उरलेलं नाही. तापतोही तसाच.)

२९ मार्च
रक्तदान. एकोणचाळिसावं. गट बी निगेटिव्ह, शंभरात एखाद्याचा. पन्नाशीच्या आत चाळीस करायचीच असा संकल्प आहे.

फॉर्मवर प्रश्न होता: गेल्या काही महिन्यांत सुईची इजा झाली आहे का? क्षणभर थांबलो. पण इजा म्हणजे इजा. काटा टोचला तर माणूस इजा झाली म्हणतो का? ‘नाही’वर खूण केली.

बाटली भरत असताना नेहमीप्रमाणे डोळे मिटून म्हटलं, देवा, हे ज्याला जाईल त्याला बरं कर. माझी पूजा एवढीच. कुणाला सांगत नाही.

११ जून
अंगात कसर आहे. भूक मंद. जिना चढताना दोनदा थांबलो. कारण उघड आहे: कॅन्टीनचं पाणी. मे महिन्यात गावी होतो तेव्हा विहिरीचं पाणी पीत होतो, तोवर काही नव्हतं.

संकल्प: (१) पाणी वीस मिनिटं उकळणे. (२) बाहेरचं काही न खाणे. (३) रोज सकाळी आरशात डोळे बघणे.

डोळे पांढरे स्वच्छ. म्हणजे कावीळ नाही. ही म्हणाली, अहो, किती वेळ बघता? आता नाही यायचं रूप.

३ जुलै
चाळिसावं! बाटली भरायला जरा वेळ लागला. परत येताना चक्कर आली, ती आनंदाची. फॉर्मवर या वेळी थांबलो नाही. सवयीने खुणा होत गेल्या.

२१ जुलै
रक्तपेढीचं पत्र. दोनच ओळी. “आपल्या दि. ३ जुलैच्या रक्तदानासंदर्भात कृपया प्रत्यक्ष भेटावे.” खाली सही, शिक्का.

प्रत्यक्ष! चाळीस म्हटल्यावर दखल घेणं त्यांना भाग आहे. मला हे असलं काही आवडत नाही. पण नाकारणंही उद्धटपणाचं.

२२ जुलै
भाषण लिहिलं. एका कागदावर बसलं. सुरुवात: “मी काही विशेष केलेलं नाही.” मग गुरुजी, आईवडील, हिचा वाटा. शेवट: “रक्ताला जात नसते, नाव नसतं. ते फक्त दुसऱ्याच्या उपयोगी पडतं.” आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

शर्टाला लाँड्रीच्या मोठ्या रोलरवर इस्त्री केली. बटणं चेचली. बॉयलरने विचारलं, काय मिळणार, ढाल? मी म्हटलं, असेल. तो म्हणाला, मग आण, नळ गळतोय, खाली ठेवायला भांडं नाही.

२४ जुलै, दुपार
खोली लहान. डॉक्टरबाई एकट्याच. दार त्यांनी स्वतः उठून लावलं. टेबलावर भरलेला पाण्याचा ग्लास आणि डोळे पुसायच्या कागदांचा डबा. तयारी साधी पण व्यवस्थित, असं वाटलं. माणसं भावुक होत असतील.

भाषणाचा कागद काढला होता. तो परत घडी करून ठेवला.

बाई सावकाश बोलल्या. समजलं ते असं: कावीळ ही एक नाही. यकृताला सूज आणणारे विषाणू मुख्यतः पाच. ए, बी, सी, डी, ई. ए आणि ई घाण पाण्यातून, अन्नातून येतात. बी, सी, डी यांचा रस्ता रक्ताचा: वापरलेल्या सुया, ब्लेड, न तपासलेलं रक्त. बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो. लस आहे ती ए आणि बी यांच्यावर. सीवर लस नाही.

माझ्या रक्तात सी आहे.

मी म्हटलं, पण माझे डोळे पांढरे आहेत. त्या म्हणाल्या, बहुतेकांचे पांढरेच राहतात, म्हणून तर हा वाईट. माणूस वीस-वीस वर्षं चालता बोलता असतो आणि आत यकृत झिजत असतं. मी म्हटलं, मी पाणी वीस मिनिटं उकळतो. त्या म्हणाल्या, चांगली सवय आहे काका, पण याच्याशी तिचा संबंध नाही.

मग म्हणाल्या, घाबरू नका, औषध आहे. बहुतेकांना बारा आठवडे रोज गोळी, आणि शंभरातले पंचाण्णव साफ बरे होतात. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं.

लाँड्रीतल्या सुयांचं मीच बोलून गेलो होतो. त्यांनी विचारलं, सुई कधी टोचली? मार्चच्या रक्तदानाआधी, की नंतर? विषाणू शिरला तरी आमच्या तपासणीत दिसायला दोन-अडीच महिने लागू शकतात. मार्चची बाटली तपासणीत स्वच्छ होती. सुई नंतरची असेल, तर ती खरंच स्वच्छ. आधीची असेल, तर ती बाटली ज्यांना दिली त्यांना आजच बोलवायला हवं.

माझ्या तोंडून निघालं, बारा मे. इतकं चटकन, की मलाच खरं वाटलं.

त्यांनी श्वास सोडला. म्हणाल्या, सुटलो. आणि लिहून घेतलं.

२५ जुलै
शांतपणे विचार केला. एकशे सतरावीच दोषी, हे कशावरून? त्यानंतर आणखी तीन सापडल्या. त्या टोचल्या नाहीत, पण टोचू शकल्या असत्या.

शिवाय मी देवाला सांगितलं होतं, ज्याला जाईल त्याला बरं कर. तसं असताना देव असं कसं होऊ देईल?

ही शंका नाही. नुसता विचार.

२८ जुलै
हिला सांगितलं. मार्च सोडून सगळं. तिने विचारलं, बरं होतं ना? मी म्हटलं, बारा आठवडे. ती म्हणाली, मग चेहरा असा मेलेल्यासारखा का?

तिला जपायचं म्हणून माझं ताट, वाटी, तांब्या, अंथरूण वेगळं केलं. ताटाला लाल दोरा बांधला. दुपारी ती सिस्टरना विचारून आली आणि दोरा कापून टाकला. म्हणाली, ताटातून येत नाही, शेजारी बसून येत नाही, मिठी मारून तर मुळीच येत नाही. येतो तो रक्तातून. त्यागाचं सोंग पुरे, तुमचं नेलकटर आणि ब्लेड तेवढं माझ्या कपाटातून काढा.

काढलं.

३० जुलै
हिचा रिपोर्ट. काही नाही. देवापुढे बराच वेळ बसलो. आभार मानून झाल्यावर उठता येईना. कुणाची तरी बायको असेल, असं मनात आलं. विषय बदलला.

२ ऑगस्ट
यकृताची सूज आणि विषाणू मोजायच्या तपासण्या झाल्या, गोळ्या आठवड्याने सुरू होणार. तोवर रिकामं का बसा? बॉयलरच्या ओळखीचा एकजण सालींचा काढा देतो. हमखास. माझा बेत: गोळ्यांआधीच बरं होणे, ऑक्टोबरात एक्केचाळिसावं रक्तदान, मग कुणी कुणाला बोलवायची गरज नाही.

रंग चिखलासारखा. चव त्याहून वाईट. म्हणजे गुणकारी असणार.

७ ऑगस्ट
उलट्या. रक्तात यकृताचे आकडे दुप्पट. यकृताच्या डॉक्टरांनी बाटली हुंगली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी फाटक्या चादरीकडे बघतो. म्हणाले, सुजलेल्या यकृतावर हे ओतलंत? आग विझवायला रॉकेल? काढा बंद. दारूचं विचारलं. पीत नाही म्हटलं. म्हणाले, तेवढं एक बरं केलंत.

एक्केचाळिसाव्याचंही विचारून ठेवलं. म्हणाले, बरे व्हाल, पण रक्त पुन्हा कधीच देता येणार नाही. विषाणू गेला तरी त्याची खूण तपासणीत राहते.

कधीच.

बॉयलरला खडसावलं. तो म्हणाला, मी म्हशीसाठी घेतो तो. तू विचारलं नाहीस.

८ ऑगस्ट
पहिली गोळी. सकाळी साडेआठ. लहान, बदामी रंगाची. एवढीशी असून काम करते म्हणतात. विषाणूही एवढासाच असेल. सुईचं टोकसुद्धा.

११ ऑगस्ट
संध्याकाळी ही कपडे घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, एक विचारू? रक्तपेढीच्या कागदावर सुई टोचल्याची तारीख बारा मे लिहिली आहे.

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, पाच मे ते वीस मे तुम्ही गावी होता. भावजींच्या घराचं छप्पर शाकारायला. मग सुई कुठे टोचली? छपरात?

मी म्हटलं, तारखेत थोडं इकडेतिकडे होतं. माझ्या शर्टाची घडी मोडून तिने पुन्हा घातली. मग पुन्हा मोडली.

१२ ऑगस्ट
ही बोलत नाही. म्हणजे बोलते: जेवा, गोळी घेतली का, दार लावा.

१३ ऑगस्ट
नऊ मार्चचं पान काढून टाकायचं ठरवलं. रोजनिशी माझी, पान माझं. धरून ओढायला गेलो, तर त्याच पानाच्या मागे एकोणतीस मार्च: एकोणचाळिसावं. ‘देवा, हे ज्याला जाईल त्याला बरं कर.’ एक बाजू फाडली की दुसरी जाते. कागदच तसा असतो.

पान राहिलं. कोपरा थोडा फाटला आहे.

लाँड्रीत आज पाच नंबर वॉर्डाचं गाठोडं आलं. चादरींवर डाग. कोणाचे, ते आम्हाला कधी कळत नाही. सव्वीस वर्षांत कधी विचारही केला नव्हता. आज प्रत्येक चादर सोडताना वाटलं, हिच्यावर निजलेला माणूस कोण? त्याला काय दिलं? कोणाचं दिलं? बॉयलर ओरडला, अरे, चादरी धुवायच्या असतात, वाचायच्या नसतात!

हातमोजे घातले. हात आंधळे झाले नाहीत. एक सुई मोज्यातूनही हाताला जाणवली. एकशे एकविसावी. डब्यात टाकताना आवाज नेहमीपेक्षा मोठा आला.

१४ ऑगस्ट
हिशेब केला. चोवीस जुलैला खरं सांगितलं असतं, तर त्या माणसाला एकवीस दिवस आधी कळलं असतं. एकवीस गोळ्या. संकल्प: उद्या सिस्टरना सांगणे. नक्की.

१६ ऑगस्ट
काल गेलो होतो. सिस्टर रजेवर. देवाच्या मनात नसेल, असं वाटून हलकं झालं. आज त्या आल्या आहेत, असं बॉयलर म्हणाला. पण चादरी फार होत्या.

तेवीस दिवस.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ
सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत रोजनिशी घेऊन सिस्टरच्या टेबलापाशी उभा राहिलो. प्रस्तावना तयार होती; हातमोज्यांविषयी, सव्वीस वर्षांविषयी, शाळेच्या शिकवणीविषयी. पहिलं वाक्य झालं, “माणसाकडून नकळत...”, आणि त्या म्हणाल्या, काका, तारीख सांगा.

नऊ मार्च.

रजिस्टरवर पेन थांबलं. मग त्यांनी रक्तपेढीला फोन लावला. माझ्याकडे न बघता तीन वाक्यं बोलल्या. ठेवला. मी विचारलं, पुढचं वाचू? त्या म्हणाल्या, नको. एवढंच हवं होतं. हे मार्चमध्ये सांगितलं असतंत तर तुमच्याही तपासण्या वेळेवर झाल्या असत्या आणि ती बाटलीही भरली नसती.

रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दारात विचारलं, ती दिली का कुणाला? म्हणाल्या, बी निगेटिव्ह कधी पडून राहतं का?

घरी हिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. उठून पाणी दिलं. न उकळलेलं.

२३ ऑगस्ट
गोळी सोळावी. काहीही त्रास नाही. भूक लागते. बरं वाटू लागलं आहे, आणि बरं वाटण्याची लाज वाटते.

रक्तपेढीने पत्र पाठवल्याचं कळलं. कुणाला, ते सांगणार नाहीत. नियम आहे. बरोबरच आहे.

२६ ऑगस्ट, अकरा वाजून चाळीस मिनिटं
रोजनिशी घरी आहे. हे भाषणाच्या कागदाच्या पाठीवर लिहितो आहे, नंतर उतरवून काढीन. इस्त्रीचा शर्ट आज घातला आणि कागद अजून खिशातच होता.

रक्तपेढीबाहेरच्या बाकावर बसलो आहे. रक्त तपासायला द्यायचं होतं, दिलं. निघणार, तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन बसल्या. पंचेचाळिशीच्या. हडकुळ्या, पण टापटीप. मांडीवर कापडी पिशवी. हातात घडीचं पत्र. म्हणाल्या, दादा, चष्मा विसरले, एवढं वाचून दाखवता?

वाचलं. दोन ओळी. “आपणास दि. ४ एप्रिल रोजी दिलेल्या रक्तासंदर्भात कृपया प्रत्यक्ष भेटावे.” तीच सही. तोच शिक्का.

त्या म्हणाल्या, ऑपरेशनात फार रक्त गेलं हो. माझा गट म्हणे अवघड, बी निगेटिव्ह. पोरीने दोन दिवस सगळीकडे फोन केले. मग इथे एकच बाटली निघाली. कुणा देवमाणसाची. नाव सांगत नाहीत. रोज सकाळी त्याच्यासाठी हात जोडते, म्हणते, देवा, तो जो कोण असेल त्याला सुखी ठेव.

मी कागदाची घडी करत होतो. आधीच घडी होती त्यावरून.

त्या म्हणाल्या, बोलावलंय म्हणजे काहीतरी चांगलंच असेल, नाही का? कदाचित त्याची गाठ घालून देतील. मी घरून निघताना चांगली साडी नेसले.

सांगायला हवं होतं. इतकं तरी सांगायला हवं होतं, की ताई, आत जे सांगतील त्याला औषध आहे, बारा आठवडे, रोज एक गोळी, मी घेतो आहे, काढा घेऊ नका, ताट वेगळं करू नका. सगळं पाठ आहे. भाषणापेक्षा चांगलं पाठ आहे.

त्यांनी विचारलं, तुम्हालाही पत्र आलं होतं?

मी हो म्हटलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, मग तुम्हालाही कुणा चांगल्या माणसाचं मिळालं असणार.

आतून त्यांना बोलावलं. उठताना पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, एवढी धरा दादा, दोन मिनिटांत येते. तुमच्याकडे बघून विश्वास वाटतो.

डॉक्टरबाईंनी दार स्वतः उठून लावलं.

त्याला आता अर्धा तास झाला. लाँड्रीत माझी वाट बघत असतील. पिशवी हलकी आहे. खाली ठेवता येत नाही.